पाणी

शिरूरला घोडनदीकाठी घिसाड्यांची पालं पडली, की आई मोडके कोयते, बोथट खुरपी बाहेर काढी. गडी सांडशीत लाल लोखंड धरी, बायको घण घाली. मग धार पाण्यात चर्रकन बुडे. याला पाणी देणे म्हणतात. कमी पडले तर धार वळते, अधिक झाले तर तुकडा उडतो.

त्या बाईने एकदा प्यायला मागितले. मी तांब्या पुढे केला. आजीने तो काढून घेऊन तिच्या ओंजळीत वरून ओतले. मी गप्प राहिलो.

परवा दौंडला लेकीच्या घराजवळ तशीच भट्टी दिसली. भात्याशी म्हातारी होती. हल्ली मोडके टाकून नवेच आणतात. मी हट्टाने जुने खुरपे नेले, बरोबर पाण्याचा तांब्या आणि पेला. तिने पेला बाजूला सारला आणि ओंजळ पुढे केली.