लवचीक माणसाचा कणा

‘मोडेन पण वाकणार नाही’ हे आपण इतक्या अभिमानानं म्हणत आलो, की ‘लवचीक’ या विशेषणाकडे मराठी मन जरा संशयानंच पाहतं. अमुक माणूस लवचीक आहे म्हटलं, की तो कुणापुढेही मान तुकवत असणार अशी शंका येते. हा त्या शब्दावर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

बुरडाच्या हातातला बांबू पाहावा. यंदाच फुटलेला कोवळा बांबू सहज वाकतो, पण वाळला की आकसतो आणि त्याला कीडही लवकर लागते. पक्व बांबूत खरं बळ असतं ते सालीलगत, कारण तिथं धागे दाट असतात. आतला भाग त्या मानानं विरळ. म्हणून बुरूड कामट्या काढताना पोटाकडचा गर तासून टाकतो आणि सालीकडचा भाग ठेवतो. वाकवली तरी तुटत नाही, सोडली की सरळ होते, ती हीच कामटी. पोलादाचंही तसंच. मऊ लोखंडाची तार वाकवली की वाकडीच राहते. घड्याळाच्या स्प्रिंगला मात्र पाणी दिलेलं कडक पोलादच लागतं. म्हणजे लवचीकपणा मऊपणातून येत नाही, तो ताकदीतून येतो.

जो वाकवला तसाच राहतो, त्याच्यासाठी मराठीत वेगळे शब्द आहेत: लेचापेचा, लिबलिबीत. (‘मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये’ हे अशाच माणसाच्या कळवळ्यानं कुणीतरी म्हटलं असावं.) हे शब्द असताना ‘लवचीक’ला त्यांच्या पंक्तीत का बसवायचं?

अर्थशास्त्रात मार्शलनं 1890मध्ये मागणीची लवचीकता मांडली. तिथं अर्थ तेवढाच, भाव बदलला की मागणी किती बदलते. मीठ महागलं तरी लागतं तेवढंच, म्हणून त्याची मागणी अलवचीक. तो हिशेब वस्तूंना ठीक आहे. माणसांना तो लावला की घोळ होतो. नोकरीच्या जाहिरातीत ‘लवचीक उमेदवार हवा’ असं असतं, आणि पुष्कळदा अपेक्षा एवढीच असते की रात्री-अपरात्री बोलावलं तरी यानं नाही म्हणू नये. वाकायचं एकानंच, आणि पुन्हा सरळ व्हायला त्याला सवड नाही. जाहिरात लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे: तुम्हाला जादा तास काम करणारा माणूस हवा असेल तर तसं स्पष्ट लिहा, आणि त्या तासांचे पैसेही लिहा.