३२७६८पासून पुढचे आकडे आपले!

विंडोजच्या पोटात दिवसभर एवढी धावपळ चालते आणि ती मला आजवर कुणी दाखवली कशी नाही? माऊस हलला, मेसेज! कळ दाबली, मेसेज! विंडोला स्वतःला पुन्हा रंगवायचंय, मेसेज क्रमांक १५. फुलीवर क्लिक केलं की शेवटी येऊन धडकतो तो १६. स्क्रीनवरची विंडो म्हणजे येणारे क्रमांक वाचत बसलेलं एक फंक्शन, बस्स. १९८५च्या पहिल्या विंडोजपासून हा कारभार असाच चाललाय.

इंदूरच्या सियागंजातल्या एका घाऊक मसालेवाल्यांसाठी मी बिलाचा प्रोग्रॅम लिहितोय. सेठजींचा हट्ट एकच: इकडे काउंटरवर बिल फाटलं की तिकडे गोदामाच्या विंडोत जिऱ्याची पोती कमी दिसली पाहिजेत, आणि लगेच दिसली पाहिजेत, भिया! सरळ उपाय म्हणजे टायमर. गोदामाच्या विंडोनं दर सेकंदाला डेटाबेसला विचारायचं, काही बदललं का, काही बदललं का. चालतं, पण किती कंटाळवाणं! तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या माहितीपानांत मेसेजच्या क्रमांकांचा तक्ता सापडला आणि मी खुर्चीतून उठलोच.

१०२३पर्यंतचे क्रमांक विंडोजचे स्वतःचे. १०२४पासून ३२७६७पर्यंतचे एखाद्या विंडो-क्लासच्या खासगी वापराचे. आणि ३२७६८ ते ४९१५१? तुमच्या ॲप्लिकेशनचे! १६३८४ क्रमांक चक्क आपल्यासाठी राखून ठेवलेत. मी ठरवलं, ३२७६९ म्हणजे ‘माल बदलला’. झालं, आता तो खरोखरचा मेसेज आहे. माऊसचा क्लिक ज्या वाटेनं येतो त्याच वाटेनं माझं जिरंही येणार!

शिवाय प्रत्येक मेसेजसोबत दोन आकडे पाठवता येतात, डब्ल्यू-पॅरम आणि एल-पॅरम. सोळा बिटांच्या काळात पहिला ‘वर्ड’ होता, दुसरा ‘लाँग’. आज दोघंही सारख्याच मापाचे आहेत, नावं मात्र जुनीच चिकटलीत. पहिल्यात मालाचा कोड घातला, दुसऱ्यात उरलेली पोती. बिलाच्या विंडोत एक ओळ, गोदामाच्या विंडोत एक ‘केस’. बिल सेव्ह केलं आणि पलीकडचा आकडा टुणकन बदलला!

पाठवण्याच्या तऱ्हा दोन, आणि खरी गंमत इथे आहे. सेंडमेसेज म्हणजे सराफ्यात भुट्ट्याच्या किसाचा द्रोण हातात पडेपर्यंत गाड्यासमोर उभं राहणं. पोस्टमेसेज म्हणजे ऑर्डर सांगून पुढे सटकणं. पहिल्यात समोरच्या विंडोचं उत्तर मिळतं, पण ती अडकली तर आपणही अडकतो. त्यासाठी मुदत घालून पाठवायचं वेगळं फंक्शन आहे. दुसऱ्यात मेसेज रांगेत पडतो आणि आपण मोकळे. बिलासाठी मी पोस्टच निवडला, कारण काउंटरवर गिऱ्हाईक ताटकळणं सियागंजात परवडत नाही. आणि पाठीमागे वेगळ्या थ्रेडवर हिशेब चालू असला, तरी तिथून पोस्ट केलेला मेसेज विंडोच्या स्वतःच्या थ्रेडवरच उघडतो. स्क्रीनला भलत्या थ्रेडचा हात लागत नाही. वा!

दोन वेगळ्या प्रोग्रॅममध्ये बोलायचं असेल तर ३२७६९ उपयोगाचा नाही, कारण पलीकडच्यानं त्याच आकड्याचा दुसराच अर्थ ठरवलेला असू शकतो. तिथे दोघांनी एकच नाव विंडोजकडे नोंदवायचं. दोघांना सारखाच क्रमांक मिळतो, ४९१५२पासून पुढचा. मजकूर धाडायचा तर त्याचा मेमरीतला पत्ता देऊन भागत नाही, कारण प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी. पण त्याचीही सोय आहे! ७४ क्रमांकाचा कॉपीडेटा मेसेज सेंडमेसेजनं पाठवला की मजकुराची नक्कल विंडोज स्वतः पलीकडे पोचवतं.

तुमच्याकडे व्हिज्युअल स्टुडिओ असेल तर त्याच्यासोबत येणारं स्पाय प्लस प्लस आजच चालू करा. त्यातली नेमाची खूण ओढून नोटपॅडवर सोडा, मेसेजची नोंद सुरू करा आणि माऊस नुसता जरासा हलवून बघा.