ठाण्यास पाठविणे

"अमक्याला ठाण्यास पाठविले पाहिजे" ही थट्टा आमच्या बहुतेक वाचकांनी ऐकली असेल. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली स्थापन झाले, आणि ज्या गावात आपली शाळा आहे त्या गावाचे नाव लोकांच्या तोंडी वेडेपणाशी जोडले गेले. ही थट्टा एकदा वर्गात आमच्याच मुखातून निघाली, हे सांगण्यास संकोच वाटतो; परंतु सांगितलेच पाहिजे.

त्या वर्गात डोंबिवलीहून येणारा एक विद्यार्थी होता. त्यास ऑटिझम, म्हणजे मराठीत ज्यास स्वमग्नता म्हणतात, ती अवस्था आहे हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. (हा शब्द आम्हांस फारसा रुचत नाही. हा मुलगा स्वतःत नव्हे, आगगाडीच्या वेळापत्रकात मग्न होता!) प्रश्न विचारला की तो खिडकीकडे पाही व कोणती गाडी गेली ते सांगे. एके दिवशी आम्ही चिडून म्हणालो, "अरे, तुला आता ठाण्यास पाठवावे लागेल!"

तो उभा राहून शांतपणे उत्तरला, "सर, मी रोज ठाण्यालाच येतो. डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे."

वर्ग हसला. आम्हीही हसलो. आपले काही चुकले की काय, म्हणून तो बोटांवर स्थानके पुन्हा मोजू लागला.

पुढे त्याच्या आईकडून सारे समजले. मग त्यास देण्याजोगे पुस्तक आम्ही ग्रंथालयात शोधू लागलो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अवस्थेचा नामोल्लेख आहे. आमच्या कपाटातील कथापुस्तकांत तो आढळला नाही. वेंधळा, विसराळू मुलगा तेथे पुष्कळदा भेटला, पण इतरांस हसविण्यापुरताच. अखेर हाती आले ते तेत्सुको कुरोयानागी यांच्या १९८१ सालच्या जपानी पुस्तकाचे मराठी भाषांतर, 'तोत्तोचान'. मेजाचे झाकण सारखे उघडमीट करणारी, खिडकीशी उभी राहणारी ही मुलगी पहिल्याच इयत्तेत शाळेतून काढली जाते. नव्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी मात्र तिचे बोलणे चार तास ऐकून घेतात. आणि त्या शाळेचे वर्ग भरतात आगगाडीच्या जुन्या डब्यांत!

त्याने ते दोनदा वाचले. परत देताना म्हणाला, "सर, हे डबे चालत नाहीत. आणि हे तोक्यो आहे. डोंबिवलीचे पुस्तक आहे का?"

आम्ही नाही म्हणालो. त्या दिवशीच्या थट्टेबद्दल क्षमाही मागितली. त्याने क्षणभर विचार केला व विचारले, "कोणती थट्टा, सर?"

हल्ली तो एका वहीत काही लिहीत असतो. पहिल्या पानावर सहा स्थानके आहेत. दुसरे पान त्याने अद्याप आम्हांस दाखविलेले नाही.