चावीचे घड्याळ

गेल्या नाताळात माझा पुतण्या ब्रसेल्सहून सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या मनगटावरील घड्याळाकडे माझे लक्ष गेले. काळी तबकडी, तिच्यात आणखी दोन चिमुकल्या तबकड्या, घुमटासारखी फुगलेली काच, चामड्याचा पट्टा. मला वाटले, कुठल्याशा जुन्या बाजारातून घेतले असावे. तो म्हणाला, "नाही काका, कोरे आहे. रोज चावी द्यावी लागते."

मला हसू आवरले नाही. ज्या चावीच्या कटकटीतून आमची पिढी सुटली, ती कटकट हा मुलगा पाच-सहाशे युरो मोजून विकत घेतो! "अरे, हे जुनेपणाचे सोंग झाले," मी बोलून गेलो. तो गप्प राहिला.

त्या घड्याळाचे नाव बाल्टिक. एतियन मालेक या फ्रेंच तरुणाने ही छोटी पेढी २०१६ साली सुरू केली. त्याच्या दिवंगत वडिलांना घड्याळांचा नाद होता. मुलाच्या हाती त्यांचा संग्रह आला आणि त्याबरोबर त्यांनी ठेवलेल्या नोंदीही. वडिलांचे मूळ बाल्टिक समुद्राच्या बाजूच्या पोलंडमधले, म्हणून हे नाव. १९४० च्या दशकातील घड्याळांचा घाट त्याने नव्याने घडवला आणि २०१७ साली लोकांकडूनच आगाऊ पैसे घेऊन पहिली घड्याळे बनवली. सुरुवातीला दुकान नव्हते, दलाल नव्हता, मोठी जाहिरात नव्हती. म्हणून किंमत आवाक्यात. अर्थात हा 'आवाका' युरोपातला. आपल्याकडे एवढ्या पैशांत घराचे एखादे छप्पर शाकारून होईल. पण याच धाटणीचे जुने स्विस घड्याळ घ्यायचे तर गोष्ट लाखांवर जाते.

आतील यंत्राची कथा मला अधिक भावली. मुळात ते स्वित्झर्लंडमधले, व्हीनस कंपनीचे. १९६० च्या दशकाच्या आरंभी चीनने त्याची यंत्रसामग्री विकत घेतली आणि आपल्या वैमानिकांसाठी तिएनत्सिनच्या कारखान्यात तेच यंत्र घडवले. त्याच वंशातील यंत्र आज चीनहून फ्रान्समधील बझांसोंला जाते आणि तिथे या घड्याळात बसते. बझांसों म्हणजे फ्रेंच घड्याळजींचे माहेरघर. १९७३ साली तिथल्या लिप कारखान्यातील कामगारांनी, नोकऱ्या जाणार हे कळताच, कारखाना ताब्यात घेतला आणि स्वतः घड्याळे बनवून विकली. त्या कामगारांत झां रागनेस नावाचे एक डोमिनिकन धर्मगुरूही होते.

लिपवर ही पाळी आली त्याच्या थोडे आधी, १९६९ च्या नाताळाच्याच दिवशी, टोकियोत सेको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले होते. क्वार्ट्झचा स्फटिक आज सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. चावीच्या साध्या घड्याळाचे ठोके सेकंदाला पाच. अचूकपणाच्या शर्यतीचा निकाल तिथेच लागला. पुढच्या पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडमधील हजारो घड्याळजी बेकार झाले. तेव्हा अचूक वेळेसाठी चावीचे घड्याळ कोणी घेत नाही, हे उघड आहे. मग कशासाठी घेतात?

अशा छोट्या पेढ्या आता पुष्कळ निघाल्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये लोरिए नावाने एक नवरा-बायको हाच उद्योग करतात. सगळेच मला पटत नाही. जुन्या तबकडीवरील चमकते ठिपके वर्षानुवर्षांनी पिवळे पडत. काही कारागीर कोऱ्या घड्याळावर तोच पिवळा रंग मुद्दाम देतात. न भोगलेले वय रंगवून मिरवणे मला रुचत नाही.

पण त्या रात्री जेवण झाल्यावर पुतण्याने विचारले, "काका, आजोबांचे घड्याळ होते ना?"

होते. एच.एम.टी.चे 'जनता'. बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने निघालेल्या सरकारी कारखान्याचे ते घड्याळ. सतरा खड्यांचे, कुठलाही डामडौल नसलेले. वडिलांनी ते १९७२ साली घेतले. रात्री जपमाळ झाली की ते घड्याळ काढून चावी देत, कानाशी धरत आणि मग उशाशी ठेवत. आखातातून आलेले क्वार्ट्झ घड्याळ मी त्यांना आणून दिले, तेव्हा माझे मन राखायला त्यांनी ते चार दिवस घातले, एवढेच. १९९६ साली ते गेले. त्यानंतर 'जनता' बंद पडले. मी ते दुरुस्तीला दिले आणि आणायला गेलोच नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. तीन वर्षांनी गेलो तेव्हा घड्याळजी वारला होता आणि दुकानात कपड्यांचे ढीग होते. यात त्या भल्या माणसाची काहीच चूक नव्हती. २०१६ साली एच.एम.टी.चा घड्याळ विभागही बंद करण्याचे सरकारने ठरवले, ती बातमी वाचून मी कोणाजवळ काही बोललो नाही. घरी तर मी त्या घड्याळाविषयी आजवर बोललोच नव्हतो.

त्या रात्री बोललो. पुतण्या ऐकत राहिला. मग म्हणाला, "पपांनी सांगितले होते हरवले म्हणून. मला तेच हवे होते, काका. ते नव्हते, म्हणून हे घेतले."

सोंग म्हणालो होतो मी. मालेकला निदान वडिलांची घड्याळे मिळाली होती. या मुलाच्या वाट्याचे मी एका दुकानात टाकून आलो होतो, आणि त्याने आपल्या पगारातून त्या रिकाम्या जागी काहीतरी आणून ठेवले होते.

त्याने घड्याळ काढून माझ्या हाती दिले. "आजोबा किती वेळा फिरवायचे?"

"मोजत नसत," मी म्हटले. "बोटांना कळायचे."

मी चावी फिरवू लागलो. आधी सैल, मग हळूहळू जड. बोटांना अडकल्यासारखे वाटले तिथे थांबलो आणि घड्याळ त्याच्या कानाशी धरले.