कोरफडीचं पिवळं पाणी

हल्ली फ्लॅटच्या बाल्कनीत एक वेळ तुळस नसेल, पण कोरफड हमखास असते. पाणी कमी, लाड कमी. दहा तास ऑफिसात घालवणाऱ्यांना परवडणारं झाड! आमच्या जालना जिल्ह्यात, अंबडकडे, तिचा हा चिवटपणा सगळ्यांना ठाऊक. विहिरी आटतात, कोरफड टिकते. चटका बसला, लाव कोरफड. केस गळतात, लाव कोरफड. दृष्ट लागू नये म्हणून दारावर उलटी टांगायची, तीही कोरफडच.

शहरातला फंडा मात्र वेगळा. अख्खं पान मिक्सरमधून काढायचं आणि सकाळी उपाशीपोटी प्यायचं. 'नॅचरल' आहे ना, मग काय होणार? माझ्या वहिनीने हेच सुरू केलं, तेही तिसऱ्या महिन्यात. पोटात मुरडा आला म्हणून गावी फोन लावला, तर आजी कडाडली, "पिवळं पाणी निथळू दिलं का गं? अन् दोन जिवाची बाई कोरफड पिती का कुठं?" डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं, एकदम बंद. सुदैवाने सगळं ठीक निघालं.

आजीची पद्धत साधी. पान कापलं की उभं करून ठेवायचं, पिवळा चीक गळू द्यायचा, मग साल काढून गर स्वच्छ धुवायचा. हा चीक सालीच्या अगदी खाली असतो. त्यातलं अ‍ॅलोइन जोरदार रेचक. तो आटवून वाळवला की होतो काळाबोळ. वैद्य तो मोजूनमापून देतात. जुलाब लांबले तर शरीरातलं पोटॅशियम घटतं. अमेरिकेच्या एफडीएने २००२ मध्ये दुकानात सहज मिळणाऱ्या रेचकांतून कोरफड बाद केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ च्या अहवालात अख्ख्या पानाचा अर्क 'कर्करोगाची शक्यता' असलेल्या यादीत टाकला. आधार होता उंदरांवरच्या प्रयोगांचा.

म्हणून कोरफड फेकून द्यायची का? मुळीच नाही! आतला पारदर्शक गर म्हणजे बहुतांश पाणीच. किरकोळ भाजलं तर आधी २० मिनिटं नळाखाली धरा, मग गर लावा. फोड मोठे असतील तर थेट डॉक्टर. पहिल्यांदाच लावताय? मनगटावर थोडा लावून बघा. घायपातीला कोरफड समजू नका, तिचा रस अंगाला खाजतो. आणि प्यायचीच असेल, तर डायबेटिस किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर नावच काढू नका.

आमच्या आजीला अ‍ॅलोइन हा शब्द माहीत नाही. पण काय निथळू द्यायचं, हे तिला पक्कं ठाऊक आहे.