मी कुठे आहे, हे मी सांगेन

गेल्या वर्षी आषाढातल्या एका दुपारी मी घरात कुणालाही न सांगता रिक्षा केली आणि शहरातल्या एका रुग्णालयात गेले. छातीत एक लहानशी गाठ हाताला लागली होती. मुलापासून ती लपवायची होती असे नाही. आधी डॉक्टरांचे म्हणणे ऐकावे, स्वतःच्या मनाची तयारी करावी आणि मग त्याला सांगावे, इतकेच ठरवले होते. तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते, तोच बंगळुरूहून त्याचा फोन आला. "आई, तू हॉस्पिटलमध्ये कशी? आणि तुझी बॅटरी बारा टक्क्यांवर आली आहे."

वाचकहो, मी तीस वर्षे शाळेत शिकवले. त्या क्षणी मात्र मी पोटच्या मुलाशी खोटे बोलले. "शेजारच्या वहिनींना बघायला आले आहे," असे सांगून फोन ठेवला. नंतर कितीतरी वेळ मला गाठीचा विसर पडला होता आणि ते खोटेच सलत होते.

त्यामागची गोष्ट अशी. चार महिन्यांपूर्वी मंडईतून येताना मला चक्कर आली होती. एका दुकानाच्या पायरीवर मी बसून राहिले. फोन पिशवीच्या तळाशी होता. पुढे मुलगा घरी आला, तेव्हा "जरा अपडेट करून देतो" म्हणून त्याने फोन घेतला आणि गूगल मॅप्समधले लोकेशन शेअरिंग स्वतःच्या नावे सुरू करून ठेवले. हेतू मायेचाच होता, पण मला विचारले नव्हते.

हे नेमके कसे चालते, ते मी नंतर समजून घेतले. आपल्यापैकी अनेकांचा समज असतो की आकाशातला उपग्रह आपल्यावर नजर ठेवतो. तसे नाही. उपग्रह केवळ संदेश पाठवत असतात. किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकून आपण कुठे आहोत याचे गणित फोनच मांडतो. जवळचे वायफाय आणि मोबाइलचे टॉवर यांचीही तो मदत घेतो. फोनला मिळालेले हे उत्तर इंटरनेटवरून पुढे कुणाला द्यायचे, हे मात्र ॲपला दिलेल्या परवानगीवर ठरते. तिथेच आपला अधिकार सुरू होतो.

गौरी-गणपतीला मुलगा आला, तेव्हा मी त्याला सारे सांगितले. गाठ साधी निघाली होती, पण खोटे बोलल्याचे सांगताना माझा आवाज कापला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, मंडईच्या त्या दिवशी दोन तास तू फोन उचलला नव्हतास. ते दोन तास मी कसे काढले, ते तुला ठाऊक नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. दूर राहणाऱ्या मुलांची भीती खोटी नसते, हे मलाही मान्य करावे लागले.

खासगीपणा हा तरुणांचा हट्ट आहे, आपल्या वयात काय लपवायचे असते, असे पुष्कळदा ऐकू येते. अशा वेळी मला न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आठवतात. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या या निवृत्त न्यायमूर्तींनी 2012 मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, आधारच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याच प्रकरणात 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. हा प्रश्न न्यायालयात नेणारा माणूस आपल्याहूनही वयाने मोठा होता. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमतीला मोठे स्थान आहे. मात्र एखाद्या व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या डेटाच्या वापराला तो कायदा लागू होत नाही. म्हणूनच घरातली संमती घरातच, तोंडाने विचारून घ्यावी लागते.

आम्ही मायलेकांनी त्या रात्री बसून काही गोष्टी ठरवल्या. कायमचे शेअरिंग बंद केले. प्रवासाला किंवा एकटी लांब जाताना मीच त्याला व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवते. पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास, यांपैकी मुदत मी निवडते आणि ती संपली की ते आपोआप थांबते. रोज सकाळी नऊच्या आत मी त्याला निरोप धाडते. तो आला नाही, तर त्याने खालच्या मजल्यावर फोन करायचा.

आपणही आज एवढे करावे. गूगल मॅप्स उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवावे आणि 'लोकेशन शेअरिंग'मध्ये कुणाची नावे आहेत ते पाहावे. मग सेटिंग्जमधून कोणत्या ॲपला ठिकाण पाहण्याची परवानगी आहे, ते तपासावे. रिक्षा-टॅक्सी बोलावणाऱ्या ॲपला ती लागते, पण पत्त्यांच्या खेळाला कशाला हवी? जिथे गरज आहे, तिथेही 'ॲप वापरत असतानाच' हा पर्याय पुरतो. हवामानाच्या ॲपला तर अचूक ठिकाणाऐवजी अंदाजे ठिकाण दिले तरी चालते.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक सांगणे आहे. स्मृतिभ्रंशात माणूस वाट चुकतो, तेव्हा हेच लोकेशन आधार ठरू शकते. ते नाकारण्यात शहाणपण नाही. परंतु ते बोलणे आजाराच्या आधी, किंवा आजार कोवळा असताना व्हावे. कोण पाहील, केव्हा पाहील आणि पाहिलेले कुणाला सांगणार नाही, हे त्या माणसाला स्वतःच्या तोंडाने ठरवू द्यावे. मी माझे ठरवून कपाटातल्या वहीत लिहून ठेवले आहे. मला रस्ता आठवेनासा झाला, तर शेअरिंग कायमचे सुरू करावे, अशी त्यात माझ्या सहीनिशी संमती आहे.

परवा बहिणीकडे साताऱ्याला निघाले. एसटीत खिडकीशी बसल्यावर मुलाला आठ तासांचे लोकेशन पाठवले. त्याचे उत्तर आले, "पोहोचलीस की सांग." तो नकाशावर मला पाहू शकत होता. तरीही त्याने ते माझ्याकडून ऐकायचे ठरवले होते.