दोन रात्रींचा तळ

कार्तिक सरत आला की मेंढरांमागचा आमचा दिवस मध्यरात्रीच सुरू होतो. एरवी कळप चरायला सुटला की काम सुरू, आणि वाघर लावून मेंढरं आत घेतली की संपलं. विण्याच्या दिवसांत हा हिशोब मोडतो. मृगाच्या पावसावर कोवळा चारा उगवतो, त्यावर मेंढ्या अंग धरतात, फळतात, आणि पुढे १४७ ते १५० दिवसांनी वितात. म्हणजे ऐन थंडीच्या तोंडाशी. नेमकं त्याच सुमाराला, दिवाळी उरकली की, पुणे, नगर, सातारा, सांगलीकडच्या पर्जन्यछायेतल्या गावांतून धनगरांचे वाडे हलतात. कुणी घाट उतरून कोकणात जातं, कुणी पाण्याच्या आणि पालापाचोळ्याच्या मागाने नदीकाठ धरतं. ज्या आठवड्यात मेंढी वितेय, त्याच आठवड्यात कळप चालत असतो. माझं सगळं म्हणणं या एका गाठीभोवती आहे. कोकरू दगावलं की आपण थंडीला, रोगाला किंवा नशिबाला बोल लावतो. या कामात हात घातल्यापासून माझं मत पक्कं होत गेलं आहे की यातली निम्मीअधिक कोकरं थांबायला जागा नसल्यामुळे जातात, आणि ही जागा देणं हा मेंढीपालनातला सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

आधी ते पहिले काही तास जवळून बघायला हवेत. विणारी मेंढी कळपातून बाजूला होते, पायाने जमीन उकरते, बसते, उठते, मागे वळून स्वतःची कूस हुंगते. पाणमोट फुटल्यावर सगळं सरळ असेल तर पुढचे दोन खूर आणि त्यांवर टेकवलेलं नाक दिसतं. एकच खूर दिसला किंवा नाक दिसून पाय दिसलेच नाहीत, तर हात साबणाने धुऊन, तेल लावून आत घालावा लागतो आणि मागे दुमडलेला पाय चिमटीत धरून पुढे आणावा लागतो. हे घाईने होत नाही. कळ थांबते तेव्हा हात पुढे सरकवायचा, कळ आली की नुसता धरून ठेवायचा. कोकरू बाहेर आल्यावर नाकातोंडावरचा चिकट पडदा पुसायचा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं आणि ते आईच्या नाकापुढे ठेवायचं. अंग मात्र आपण लख्ख पुसून काढायचं नाही. त्या चिकट पाण्याच्या वासावर आई त्याला आपलं म्हणते, आणि ही ओळख पक्की होण्याची मुदत विल्यानंतरच्या थोड्याच तासांची असते. मग सड. सडाच्या तोंडाशी मेणासारखा घट्ट गोळा बसलेला असतो. तो दोन बोटांनी पिळून काढला नाही तर अशक्त कोकरू चोखून चोखून दमतं आणि उपाशी राहतं. शेवटी त्याच्या तोंडात बोट घालून बघायचं. तोंड उबदार आणि कूस भरलेली असली तर ते तगलं. तोंड गार लागलं, की पुढची सगळी रात्र त्या एका जिवाची.

ही घाई का, याचं कारण शरीरशास्त्रात आहे. माणसाच्या बाळाला आईकडून रोगाशी लढण्याची शक्ती गर्भातच मिळते; मेंढीची वार तसं काही आत जाऊ देत नाही. कोकरू जन्मतं ते रोगापुढे उघडं, आणि ती शक्ती त्याला फक्त चिकातून मिळते. त्याच्या आतड्याला चिकातले ते घटक जसेच्या तसे शोषून घेता येतात, पण ही क्षमता तासागणिक घटत जाते आणि साधारण एका दिवसात बंद होते. म्हणून पहिल्या दोन तासांत वजनाच्या दर किलोला ५० मिलिलिटर चीक पोटात जावा आणि पहिल्या २४ तासांत किलोला २०० मिलिलिटर व्हावा, असा हिशोब आहे. उबेचंही तसंच. कोकराच्या अंगात जन्मतः थोडी तपकिरी चरबी असते. ती जाळून ते काही तास स्वतःला ऊब देतं. ती संपायच्या आत चीक मिळाला नाही तर जळायला काही उरत नाही. ओलं अंग आणि वारा हे दोन्ही एकत्र आले की ती चरबी फार झपाट्याने संपते. आंत्रविषाराची लस आपण विण्याच्या महिना-दीड महिना आधी मेंढीला टोचतो तीही याच हिशोबाने. तिचं संरक्षण कोकराला मिळतं ते चिकावाटे. चीक वेळेवर गेला नाही, तर त्या लशीचा कोकराला काडीचा उपयोग नाही.

आता हाच हिशोब चालत्या कळपावर मांडून बघा. मेंढी वाटेत विते. कळप थांबत नाही, कारण पुढच्या पाण्यापर्यंत पोचायचं असतं, किंवा ज्या बांधाशी ती विली तिथला मालक थांबू देत नाही. कोकरू घोंगडीच्या झोळीत किंवा घोड्यावरच्या बिऱ्हाडात कोंबड्यांशेजारी जातं. आई थोडा वेळ ओरडत मागे येते, मग चरायला मान खाली घालते. संध्याकाळी तळ पडल्यावर त्यांची गाठ घालायची, तेव्हा ओळखीची मुदत सरलेली असते. पहिल्या खेपेची मेंढी तर हुंगून सरळ लाथाडते. मग तिचे पाय धरून बळेच पाजणं आलं, तेही तीन-तीन दिवस. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढ्यांवरच्या अभ्यासांतून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली आहे: मेंढी विल्या जागी निदान सहा तास थांबली, तर तिची पिलं जगण्याचं प्रमाण वाढतं. म्हणून तिथे विणाऱ्या कळपांचे लहान गट करून त्यांना आडोशाच्या कुरणात ठेवतात आणि त्या दिवसांत विनाकारण हलवत नाहीत. थंड देशांतल्या गोठ्यांत विलेल्या मेंढीला पिलांसह एक-दोन दिवस स्वतंत्र खणात ठेवतात. तिथली जमीन, भांडवल, हवामान सगळं वेगळं आहे. तरीही तिथे दूध सुटेपर्यंत साधारण १५ ते २० टक्के कोकरं दगावतात, आणि त्यातली जवळपास निम्मी पहिल्या तीन दिवसांत. एवढी साधनं असलेल्यांना हे तीन दिवस इतके अवघड जात असतील, तर बांधाबांधावरून हाकलल्या जाणाऱ्या वाड्याने काय करावं?

तळ मिळाला की काय बदलतं, हे दुपारी वाड्यावर बसून कळतं. मेंढके कळप घेऊन रानात जातात. बायका आणि कोकरं तळावर राहतात. नुकती विलेली मेंढीही मागे ठेवली जाते. चुलीजवळ डालग्याखाली कालची, परवाची कोकरं असतात, अशक्तांना घोंगडीत गुंडाळलेलं असतं. ज्याची आई आटली त्याला दुसरीच्या कासेला लावायचं, दुसरी घेत नसेल तर तिच्या मेलेल्या कोकराचं कातडं याच्या अंगावर चढवून तिला फसवायचं, हे सगळं बाईचं काम. दिवेलागणीला कळप परत येतो तेव्हा पन्नास-साठ कोकरं आणि तेवढ्याच आया एकाच वेळी ओरडत असतात, आणि बाई त्या गलक्यात हात घालून एकेक कोकरू नेमकं त्याच्याच आईपाशी सोडते. हे कौशल्य कुठल्या प्रमाणपत्रात मावणारं नाही, पण कोकरं जगवणारी खरी यंत्रणा हीच आहे. तिला लागतो तो एका जागी मिळालेला थोडा वेळ. बिऱ्हाड रोज पहाटे आवरून घोड्यावर चढवायचं असेल, तर हेच हात दोर बांधण्यात आणि भांडी गुंडाळण्यात जातात.

डिसेंबर २०२१च्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस आणि गार वारा एकत्र आला. जुन्नर, आंबेगाव, पारनेर या पट्ट्यांत उघड्यावर बसलेल्या कळपांची दाणादाण उडाली आणि पुणे जिल्ह्यातच हजाराहून जास्त शेळ्यामेंढ्या गारठून मेल्या. तेव्हा सगळीकडे ‘आस्मानी’ हा शब्द वापरला गेला. पाऊस आस्मानी होता हे खरं. पण त्या रात्री हे कळप उघड्या माळावर होते, कारण आडोशाच्या जागेत त्यांना कुणी बसू देत नाही. शाळेची पडवी, बाजारतळाची शेड, बंद पडलेलं गोदाम अशा जागा त्याच गावांत होत्या. थोरल्या मेंढीच्या अंगावर निदान लोकर असते; आदल्या दिवशी जन्मलेल्या अडीच-तीन किलोच्या ओल्या जिवाला त्या वाऱ्यात कितीसा वेळ मिळतो, हे वर मांडलंच आहे.

यावर मला नेहमी सांगितलं जातं की भटकणंच सोडा, बंदिस्त मेंढीपालन करा. विण्यापुरतं बोलायचं तर बंदिस्त गोठा नक्कीच सुरक्षित आहे, हे मी मान्य करते. पण तो ज्याच्याकडे जमीन आणि पाणी आहे त्याचा उपाय आहे. दख्खनी मेंढी परवडते ती ती काढणीनंतरच्या धाटांवर, बांधावरच्या गवतावर, बाभळीच्या शेंगांवर जगते म्हणून. तिच्यापुढे विकतचा चारा टाकायला लागलं की हिशोब उलटतो. आणि अवर्षणाच्या पट्ट्यातल्या भूमिहीन कुटुंबाला गोठा बांधायला सांगणं म्हणजे त्याला या धंद्यातून बाहेर पडायला सांगणंच आहे. मग ते तसं स्पष्ट म्हणावं.

दुसरा उपाय सांगतात तो सुधारित जातीचा, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणलं. ‘नारी सुवर्णा’ ही त्यातून घडलेली मेंढी, आणि संस्थेने ती प्रत्यक्ष मेंढपाळांच्या कळपांत देऊन पाहिली. एका मेंढीमागे एकाऐवजी दोन कोकरं म्हणजे भूमिहीनाच्या घरात किती फरक पडतो, हे वेगळं सांगायला नको. पण जुळ्यांतलं प्रत्येक पिलू वजनाने कमी असतं, म्हणून त्याची ऊब लवकर संपते. दोन पिलांची आई लवकर उठून चालू लागली की त्यातलं दुबळं मागे पडतं. मेंढीला दोन मोजता येत नाहीत, एक मागे येतंय एवढ्यावर ती निघते. म्हणजे जात जितकी चांगली, तितकी विण्याच्या जागी थांबण्याची गरज मोठी. सरकारच्या महामेष योजनेत २० मेंढ्या आणि एक मेंढानर असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्याची तरतूद झाली, ती योग्यच आहे. पण गट दिला आणि तो विणार कुठे याचा विचार नाही, तर मोजणी फक्त वाटलेल्या डोक्यांची होते.

सगळ्यांत वजनदार आक्षेप शेतकऱ्याचा आहे. मेंढरं उभ्या पिकात शिरतात, ऊस-कांद्याच्या रानात पाऊल टाकायला जागा नाही, वनखात्याला रोपवन राखायचं आहे. यातलं काहीच खोटं नाही. बागायत वाढली तशी पडीक रानं घटली, आणि कार्तिकात तर खरीप निघून रब्बी पेरलेलं असतं. वाड्यांकडूनही नुकसान होतं, आणि ते भरून द्यायला हवं. पण मी मागते आहे ती चराई नाही. विलेल्या मेंढ्यांचा गट हा कळपाचा सगळ्यांत शांत भाग असतो. तो पिलांपासून हलत नाही. त्याला लागतं एक मोकळं वावर, वाऱ्याला आडोसा आणि जवळ पाणी. तेही वस्तीच्या आसपास, कारण उसाच्या पट्ट्यात वस्तीपासून लांब टाकलेल्या तळावर बिबट्या हमखास येतो. आणि ज्या रानात कळप बसतो तिथे लेंडी-मूत पडतं. याच खतासाठी पूर्वी शेतकरी धान्य देऊन आपल्या रानात मेंढरं बसवून घेत आणि आजही काही ठिकाणी पैसे मोजून बसवतात. वनजमिनीबद्दल म्हणाल तर २००६च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. फक्त जे अनुसूचित जमातीत मोडत नाहीत त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो, आणि ज्यांच्या पिढ्या वाटेवर गेल्या त्यांनी कुठल्या गावचा कागद आणायचा?

दुबळं कोकरू मरावं हाच निसर्गाचा नियम, त्यातून कळप चिवट होतो, असंही काही जाणते लोक म्हणतात. पण झोळीत घालून पाच कोस नेलेलं कोकरू दुबळं म्हणून मरत नाही. ते धडधाकट जन्मलेलं असतं. त्याला चीक मिळालेला नसतो.

ग्रामपंचायतीला यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी इमारतही लागत नाही. गायरानाचा एक तुकडा कार्तिक ते पौष या तीन महिन्यांसाठी तळ म्हणून राखता येईल, बाजारतळाची शेड पावसाच्या रात्री उघडता येईल, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला वाडा उतरल्याची खबर देता येईल. आणि तुम्ही रान असलेले शेतकरी असाल, तर यंदा या दिवसांत एखादी बाई घोंगडीत कोकरू गुंडाळून तुमच्या बांधावर येऊन थांबायची जागा विचारेल. तिला दोन रात्री द्या.